डाव्या हाताचं पाणी

"मरणाऱ्याकडे मग बघा हो, आधी उशाशी कोण हाये ते बघा!"

डब्लिनच्या संग्रहालयात जुन्या युरोपी छापचित्रांपुढे भाऊ मला हे दर वेळी बजावत. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकलेलं. रखवालदार खाकरला की "सॉरी, सॉरी" म्हणत जेमतेम दोन बोटं मागे. चेरीवूड उपनगरातल्या आमच्या ऑफिसात हा नागपूरकर गृहस्थ आठवडाभर सॉफ्टवेअर तपासायचा, आणि शनिवारी मरण.

तसली चित्रं तुम्हीही कुठे पाहिली असतील. पलंगावर अखेरच्या घटका मोजणारा माणूस, पायथ्याशी वाळूचं घड्याळ घेतलेला सांगाडा, पलंगाखाली सैतान. माझ्या अंगावर काटा यायचा. भाऊंना त्यात घर दिसे. मरणाऱ्याच्या हातात कुणीतरी पेटती मेणबत्ती धरून ठेवलेली असते, ती त्याची श्रद्धा.

"आपलं गंगाजल, यांची मेणबत्ती," ते म्हणत. "पण धरायला माणूस लागतेच नं!"

त्यांची आई नागपुरात बहिणीकडे अंथरुणाला खिळली होती. तिच्या तोंडात शेवटचं पाणी आपल्या हातून पडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सोळा साली ते संध्याकाळच्या ठसेकामाच्या वर्गाला जाऊ लागले. लाकडी फळीवर आईचा पलंग कोरला, उशाशी स्वतः, हातात पळी. पहिला ठसा काढायला मलाही नेलं. कागद उचलला आणि भाऊंचा चेहरा पडला. ठशात सगळं उलटं उमटतं, हेच स्वारी विसरली होती.

"इट्स ग्रँड," शिकवणारी आयरिश बाई म्हणाली.

"काय ग्रँड? लेक डाव्या हातानं पाणी पाजून राहिला!" भाऊ माझ्याकडे वळून कळवळले.

मला हसू आवरेना. त्यांनी मात्र नवी फळी आणून सगळं पुन्हा कोरलं, आणि उजवा हात उजवा करूनच थांबले.

त्याच हिवाळ्यात बहिणीचा फोन आला. भाऊ मिळेल त्या विमानानं निघाले, पण वाटेत पुढचं विमान चुकलं. पाणी बहिणीनं पाजलं.

परत आल्यावर त्यांनी ती फळी पुढ्यात घेतली आणि उशाशी उभा असलेला मुलगा पळीसकट कोरून काढून टाकला.

"अहो भाऊ, चित्र बिघडेल!"

"खोटं होतं नं पण," ते म्हणाले.

वर्षभरात नोकरी सोडून ते नागपूरला गेले. जाताना शेवटचा ठसा मला दिला. तो भिंतीवर लावायचा धीर मला होत नाही, फार वाईट वाटतं. लाकडात जे कोरून काढावं, ते कागदावर कोरं राहतं. पाणी घेण्यासाठी उघडलेलं आईचं तोंड मात्र त्यांनी तसंच ठेवलंय, त्या कोऱ्या जागेकडे वळलेलं.