लाल आकड्यांचं घड्याळ

काल लाईट जाऊन आली आणि उशाशी माझ्या जुन्या, सेल संपलेल्या डिजिटल घड्याळाचे लाल आकडे लुकलुकू लागले. वेळ लावायला बटण दाबलं आणि मी थेट सासरच्या त्या पहाटेत पोचले.

"सून काय गजर लावून उठते वं? मी उठवीन तवा उठजो," म्हणत सासूबाईंनी आदल्या रात्री घड्याळाचा प्लग काढला होता. धंतोलीच्या दवाखान्यात माझी नर्सची पहिलीच सकाळपाळी होती. पण घड्याळात मी आधीच सेल घालून ठेवला होता. ते असं कोकललं की अख्खं घर जागं झालं.

"काहून वाजून राहिलं ते?" सासूबाई ओरडल्या.

"मले ड्युटीवर जा लागते, आई," म्हणत मी चपला घातल्या.

आता रिटायर झाले, जायचं कुठंच नसतं. तरी गजर लावतेच. माझी झोप कधी मोडायची, ते मीच ठरवणार.