आतली टकटक

माझी जुनी गाडी गॅरेजात दाखवायला नेली, तेव्हा मिस्त्री एका लाल स्पोर्ट्स कारवर वाकले होते. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर तिला बसवलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत होते.

"अजून जोर काढा की," त्या कारचा मालक म्हणाला.

"हवा कितीही कोंबाल हो, पण आत टकटक सुरू झालीय. आता जोर कमीच करावा लागेल, नाहीतर इंजिन फुटेल."

मालकाचं तोंड उतरलं. मला मात्र त्या गाडीचा हेवा वाटला. घरी, ऑफिसात मी वर्षानुवर्षं 'करतो, होईल' म्हणत आलोय. असा कान कुणी लावला नाही.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "तुमचं काय, साहेब?"

"काही नाही, चाललंय," मी सवयीने म्हणालो.

"मग गाडी आणलीत कशाला?"