धायरी ते नेत्रविभाग, दुसरा मजला

सकाळी सव्वासहाला धायरीच्या थांब्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो, तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि एक कोरी वही होती. प्रवासवर्णने मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कपाटांतून लावली; लिहिण्याचे धाडस मात्र निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, प्रथमच करीत आहे. तेही हिमशिखरांविषयी नव्हे, तर आपल्याच शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाविषयी. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रवास वस्तुतः हौसामावशींचा होता. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी त्या पालेभाजी विकतात. मोतीबिंदू इतका वाढला होता की मेथीची जुडी त्या वासावरून ओळखत. मार्केट यार्डातून परतताना बसचा आकडा दिसला नाही म्हणून दोनदा त्या थेट कात्रजला पोचल्या होत्या.

"अक्षर मला येत न्हाई, पर आकडा येतो," त्या म्हणाल्या. "आकडा दिसला की माझी मी जाईन. कुणी हात धरून फिरवायचं म्हंजी धंदा बंदच की."

रुग्णालयाने त्यांना दोनदा परत पाठवले होते. एकदा साखर वाढली म्हणून, एकदा सोबत कोणी नाही म्हणून. मुलगा शाळेची व्हॅन चालवतो. त्याची रजा म्हणजे साऱ्या व्हॅनची रजा. म्हणून या खेपेला मी.

बस सिंहगड रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मी गडाकडे पाहिले.

"दिसतो का वं गड?" मावशींनी विचारले.

"धुक्यात आहे," मी म्हणाले.

रुग्णालयात केसपेपरची (नोंदणीच्या कागदाची) खिडकी उघडायला अवकाश होता, परंतु रांग मात्र लागली होती, चपलांची. माणसे कट्ट्यावर विसावलेली आणि फरशीवर त्यांच्या चपला शिस्तीत उभ्या. आम्हीही मावशींच्या चपला अकराव्या जागी ठेवल्या. खिडकी उघडताच सगळे आपापल्या चपलांत शिरले. मावशीही शिरल्या, पण तिसऱ्या जागच्या चपलांत.

"अहो आजी," मागून एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "नऊ नंबर मापाच्या आहेत त्या. आपला पाय आत्ताच वाढला का?"

"पायात बसल्या म्हंजी माझ्याच."

"बसल्या कुठे? आपण त्यांत राहायला गेला आहात."

"मला दिसत असतं तर हितं कशाला आले असते?"

अख्खी रांग हसली. मी लाजेने अर्धी झाले. गृहस्थांनी आपल्या चपला मागून घेतल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "आता आल्याच आहात तर थांबा पुढे. मी चष्म्याच्या नंबरासाठी आलोय. चपला तेवढ्या मला दिसतात."

नेत्रविभाग कुठे, हे सांगणारी पाटी उंचावर, बारीक अक्षरांत होती. ज्याला ती वाचता येईल त्याला तिथे जाण्याचे काम पडू नये, अशी. मी चष्मा पुसून पुसून पाहत राहिले; अनोळखी माणसाला विचारणे मला आजन्म अवघड. मावशींनी तिथूनच हाक दिली, "ओ दादा, डोळं कुठं बघत्यात?" तीन दिशांनी उत्तर आले : दुसरा मजला.

तिथे उपाशीपोटी तपासणीचे रक्त दिल्यावर आम्ही अंगणातल्या कडुनिंबाखाली बसलो. मावशींनी फडके सोडले. ज्वारीची भाकरी, मेथीची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी संकोचून अर्धी भाकरी घेतली आणि पुढे संकोच विसरून आणखी अर्धी. मावशी मात्र जेवता जेवता थांबत होत्या.

"साखर पुन्ना वाढली असंल तर?"

मला धीर देता येत नाही. मी चटणी पुढे सरकवली.

दुपारी सिस्टरांनी अहवाल पाहिला. "साखर ठीक आहे. सोबत कोण?"

"मी," मी पुटपुटले.

"मोठ्याने बोला. नातं काय?"

मावशी म्हणाल्या, "रोजची मेथी न्हेत्यात माझ्याकडनं. सात वर्सं झाली."

सिस्टरांनी पेन थांबवले, आम्हा दोघींकडे पाहिले आणि हसून लिहिले : शेजारी. "बुधवारी या. आधी एक डोळा करू."

बुधवार पार पडला. पुढच्या आठवड्यातल्या तपासणीहून परतताना आम्ही स्वारगेटला उभ्या होतो. मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्यावर ठाणेदाराचा रुबाब. बस येताना दिसली आणि मी लगबगीने हात केला. मावशींनी माझा दंड धरला.

"ताई, थांबा. कात्रजची हाय ती."

मग मागच्या बसचा आकडा त्यांनी मोठ्याने म्हटला आणि साऱ्या थांब्याला ऐकवले, "ही आपली! धायरीची!" त्या एकट्याच आधी चढल्या, कुणाचा हात न धरता.

सिंहगड रस्त्यावर त्यांनी खिडकीतून बोट दाखवले. "गड बघा कसा लखलखीत दिसतोय! वरचा टॉवरबी."

"धुके आहे ना," मी म्हणाले.

"भर दुपारी कसलं धुकं?" त्या माझ्याकडे वळल्या. बराच वेळ त्यांनी नव्या डोळ्याने मला न्याहाळले. "ताई, किती दिस झालं ह्या धुक्याला?"

दोन वर्षे झाली होती. कोणाला विचारावे, कोणाला सोबत न्यावे, या संकोचात डोळ्यांपुढचे ते धुके मी ऋतूंच्या नावावर खपवले होते. आज प्रथमच खरे सांगितले आणि आश्चर्य म्हणजे हसू आले.

"मावशी, सोमवारी माझ्यासोबत याल का?" मी हळूच विचारले.

"यीन की!" त्या म्हणाल्या, साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. "पर चपला मी लावणार. तुमास्नी दिसत न्हाई."