वन्सं आणि भोवरा

माझी नणंद म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करून पोट भरायच्या. कुणाला आंघोळ घालायची, कुणाच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या, कुणाला नुसतं बोलायला माणूस हवं असायचं. चार घरांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि खांद्याला एक कापडी पिशवी, तोंडाशी भली मोठी पिन लावलेली. "त्यात एवढा काय खजिना आहे हो?" असं मी चिडवलं, की त्या शांतपणे म्हणत, "दात." आणि खरंच एकदा त्यात एका आजोबांची कवळी निघाली होती, दुरुस्तीला चाललेली!

आमचे हे लिफ्ट बसवणारे कारागीर. जगातल्या कुठल्याही यंत्राची कुरकुर ते ऐकून घेतील, माणसाची नाही. त्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड. बैठकीच्या खोलीतला सोफा काढून तिथे काचेची टाकी आली, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. मग एक दिवस त्यांनी दुर्मीळ जातीचा समुद्री एंजलफिश आणला. गर्द निळा, अंगावर पांढरी वर्तुळं, एकात एक. बघत राहिलं तर गरगरायला व्हायचं, म्हणून मीच त्याचं नाव भोवरा ठेवलं. दुकानदार त्याच्याबद्दल काही सांगायला लागला, तर हे म्हणाले, "पंधरा वर्षं मासे पाळतोय, मला काय शिकवता?" आणि माशाची पिशवी घेऊन निघाले.

थोड्याच दिवसांत कंपनीने ह्यांना आठ महिन्यांसाठी परगावी पाठवलं. मीही सोबत गेले. घराची किल्ली वन्संच्या जुडग्यात गेली. काम उरकून त्या रोज यायच्या, मीठ आटत नाही म्हणून आटलेलं तेवढं साधं पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत भरायच्या, कोळंबी बारीक चिरून घालायच्या, समुद्री शेवाळाचा तुकडा रबराने दगडाला बांधायच्या. मध्ये एकदा त्यांचा फोन आला. "अरे, भोवऱ्याची वर्तुळं पुसट होतायत. खातो चांगलं, पण रंग बदलतोय. काही करायचं का?"

हे वैतागलेले होते. "ताई, तू त्याला खायला घाल, बाकी डोकं चालवू नकोस," म्हणाले आणि फोन ठेवला. मी शेजारीच बसले होते.

आम्ही परतलो त्या दिवशी वन्संनी घर चकाचक करून ठेवलं होतं. माझी मावशी आणि माझा भाऊही भेटायला आले होते. मावशी तेव्हा वन्संच्याच देखभालीत होती, म्हणजे तिची आंघोळ, औषधं, कपाटाची किल्ली, सगळं वन्संकडे. हे बूट न काढताच टाकीपाशी गेले. आत एक मोठा मासा फिरत होता, अंगभर पिवळ्या रेघा.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? आपला भोवराच की," वन्सं हसत म्हणाल्या. "बघ कसा भरलाय!"

"ताई, मला वेड्यात काढू नकोस. मासा काय कपडे बदलतो? माझा मासा कुठे आहे? मेला असेल तर मेला म्हण. की विकलास?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! मावशीच्या हातातला पेला हातातच राहिला. भाऊ टाकीकडे बघू लागला. मी, जिने तो फोन ऐकला होता, ती चहात साखर ढवळत बसले. वन्संनी कमरेचं जुडगं काढलं. जुडग्यातून आमची किल्ली काढताना त्यांना वेळ लागला, कारण कडी घट्ट होती आणि मदतीला कुणी उठलं नाही. किल्ली टेबलावर ठेवून त्या गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मावशीने दुसरी बाई ठेवली. मावशीचं तोंड गप्प बसणारं नाही, त्यामुळे बाकीच्या घरांतूनही एकेक करून किल्ल्या परत मागितल्या गेल्या.

ह्यांना मात्र पुरावा हवा होता. मला घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोबाइलवरचा फोटो नाचवत म्हणाले, "हा मासा कुठला ते सांगा, माझा बदललाय." दुकानदाराने तीन टाक्या दाखवल्या. पहिलीत वर्तुळंवालं पिल्लू, तिसरीत पिवळ्या रेघांचा मोठा, आणि मधलीत अर्धा असा, अर्धा तसा.

"तेच तर मी तेव्हा सांगत होतो, साहेब. ही जात मोठी झाली की रंग बदलते. लहानपणीचा लंगोट मोठेपणी कोण घालतं?"

गिऱ्हाइकं हसली. हे घरी येऊन टाकीसमोर जमिनीवरच बसले. भोवऱ्याच्या शेपटीजवळ पांढऱ्या वर्तुळाचा एक तुकडा अजून शिल्लक होता. नीट पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. "मला तोंड दाखवायला जागा नाही गं," असं हे म्हणाले. मला तरी कुठे होती?

वन्संच्या खोलीवर गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. ह्यांनी पाय धरले. वन्संनी पाय मागे घेतले. "बोललास सगळ्यांसमोर. माफी दाराआड मागतोस होय?"

मग हे घरोघर गेले. वन्संच्या चारही घरी जाऊन, मान खाली घालून, स्वतःच्या तोंडाने मासा, रंग, फोन, सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "अगोबाई, मी कुठे काय म्हटलं? पण आता ही बाई लागलीय, तिला कशी काढू?" बाकीच्यांनीही गोड बोलून चहा पाजला. किल्ली कुणीच दिली नाही. वन्संना एका मोठ्या इस्पितळात चादरी धुऊन घड्या घालायचं काम मिळालं.

शेवटी ह्यांनी मावशीला आणि माझ्या भावाला पुन्हा घरी बोलावलं, वन्संनाही. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "ताईने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चोरी तिने केली नाही, तिचं नाव मी चोरलं." वन्सं टाकीपाशी गेल्या. त्यांना बघताच भोवरा दगडाआडून निघून थेट काचेला येऊन चिकटला. आमच्यासाठी तो कधी असा आला नव्हता. "ओळखतो गं मला!" असं म्हणून त्या पूर्वीसारख्या हसल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला शेवाळ बांधून दिलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. ह्यांनी त्यांच्या हातात घराची किल्ली ठेवली, ती त्यांनी घेतलीही.

निघताना त्या दारात थांबल्या. खांद्यावरची पिशवी उतरवली, पिन काढली आणि तोंड उघडून ह्यांच्यासमोर धरली. आत डबा, फणी, चष्मा, एक रुमाल.

"ताई, हे काय?"

त्याही क्षणभर गोंधळल्या. "अरे, सवय झाली बघ. इस्पितळात काम सुटलं की फाटकावर रोज तपासायला दाखवावी लागते."

पण पिशवी त्यांनी खाली घेतली नाही. हे आत बघून मान डोलावेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.