रगतवाल्यांची इजाजत

निजामाच्या अख्ख्या मुलखात जबरदस्ती करता न येणारा एकच सरकारी माणूस होता, आणि तो नेमका आमच्या मुरुमला यायचा! हैद्राबादेत कुणी बडे डॉक्टर हिवतापाचा अभ्यास करत. त्यांच्यासाठी लोकांच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, ही यांची नोकरी, म्हणून गावात नाव पडलं रगतवाले. राजीखुशीशिवाय कुणाचं रक्त घेऊ नये, असा खात्याचा हुकूम होता. बाकीचे नोकर तो पाटलाला ऐकवून मोकळे होत. पाटलानं मान डोलावली की गाव राजी! आमचे रगतवाले मात्र तो हुकूम अंगाऱ्यासारखा कपाळी लावून फिरत. सायकल भिंतीला टेकवायची तरी घरधन्याला विचारत, "इजाजत आहे?" दारातल्या म्हशीजवळून जाताना तिच्याकडंही अशा अदबीनं बघत, की तीच बिचारी लाजून बाजूला व्हायची.

एका साली माझी वहिनी तापानं अंथरुणाला खिळली. हकिमाच्या पुड्या झाल्या, वैद्याचे काढे झाले. ताप दिवसाआड हुडहुडी भरवून जायचाच. शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रगतवाल्यांना बोलावलं.

"घ्या रगत. मी सासरा हाय तिचा, मी व्हय म्हणतोय."

"आप्पा, बोट तुमचं असतं तर घेतलं असतं."

"मग तिचा नवरा म्हणंल!"

"बोट त्यांचंबी न्हाय."

"सून मरायला लागलीया आन् तुम्ही कायदा सांगताय?"

रगतवाले शांतपणे वहिनीच्या उशाशी बसले. ती कानडी मुलखातली, तापात तिची मराठी पार आटलेली. त्यांनी मोडक्यातोडक्या कानडीत विचारलं, "अक्का, थोडं रक्त द्याल का?" वहिनीनं मान हलवली. नाही! आणि या गृहस्थानं खरंच सुई डबीत ठेवली. आप्पांनी कपाळाला हात लावला.

"का नको, अक्का?"

"कुणी करणी केली तर?"

रगतवाल्यांनी पुन्हा डबी उघडली, स्वतःच्याच बोटाला सुई टोचली आणि थेंब काचेवर घेतला. "हे माझं. तुमच्या रक्ताच्या सोबतीला हैद्राबादला धाडतो. करणी झालीच तर दोघं मिळून भोगू."

कितीतरी दिवसांनी वहिनी हसली, आणि तिनं बोट पुढं केलं.

रक्तात काय निघालं, ते त्यांनी आप्पांना ओलांडून आधी तिलाच सांगितलं. क्विनीन सुरू झालं. वहिनी उठली, चुलीपाशी आली, आणि आप्पा देव्हाऱ्यापुढं जाऊन गुपचूप डोळे पुसून आले.

पुढं निजाम गेला, खातं गेलं, ती सायकलही यायची थांबली. वहिनीला आता नातवंडं आहेत. दर दिवाळीला फराळ झाला की ती म्हणते, "रगतवाल्या अण्णांना धाडायला पायजे होतं." कुठं धाडणार? सगळ्या गावाला विचारून वागणाऱ्या त्या माणसाला त्याचं नावगाव विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.