रेकाडातलं रडनं

वळसंगच्या फाट्यावर यष्टी येऊन हुबारली तवा आई माज्या पदराखाली हात घालून लेकराच्या तळपायाला काजळ लावत हुती, आन आबा कंडक्टरला म्हनत हुते, "जरा थांबा की, लेक चाललीया." कंडक्टर म्हनला, "रोजच कुनाची तरी लेक चाललेली असती, बाबा." समदे हसले, मी बी हसले, आन गाडी हालल्यावर मला रडू आलं. आई खिडकीबरोबर चालत एवढंच म्हनत हुती, "चारचौघांत त्याला उघडा करू नगंस. कुनाच्या डोळ्यावर, कुनाच्या कानावर येऊ दिऊ नगंस."

ती असं का म्हनत हुती ते तुमाला ठावं हाय. पयली पोरगी नऊ दिसांची हुऊन गेली. म्हनून ह्याचं नाव धोंड्या ठिवलं, दगडाला कुटं कुनाची नजर लागतीया? मी एकोनीस वर्साची, आन मला एकच भ्या, ह्यो बी जाईल.

हे लिहितीया ते आईआबांस्नी, आन कुर्डुवाडीला रेल्वेवाल्याच्या घरात गेलेल्या ताईला बी. तुमच्या कानावर आलंय की धोंड्याचं रडनं गान्याच्या रेकाडात हाय, आन आई म्हनली म्हनं, पोरीनं लेकराचा बाजार मांडला. तर ते कसं झालं ते आता माज्याकडनंच ऐका.

आमचे मालक लगनाच्या बँडात डरम वाजवायचे ते तुमी बघितलंय. सोलापूरला ते चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. कारखाना म्हंजी पत्र्याचं शेड, बारा माग, समदे विजेवर. मी तितंच मागाला लागनाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, आन धोंड्याची झोळी खांबाला बांधलेली. पयल्या दिवशी माग सुरू झाले तवा मी दोनी हातांनी त्याचे कान झाकले, मला वाटलं पत्रं अंगावर पडतंय. आठ दिसांत असं झालं की माग चालू असले की त्यो झोपायचा आन बंद झाले की दचकून उठायचा. कारखान्याची मालकीनबाई नरसम्मा, घरात तेलुगू बोलनारी, मला म्हनली, "आमची समदी पोरं अशीच. माग थांबला की त्येंना वाटतं आईच गेली." ती हसली. मला काय हसू आलं न्हाय.

तिचा लेक श्रीनू मुंबईला कापडाचं शिकाय गेलता. येताना विजेवरची गिटार आनली आन डोस्क्यावर बायकांगत केस. परदेशातल्या पोरांचं एक रेकाड त्यानं तितं ऐकलं हुतं. त्या गान्याला जड लोखंडाचं गानं म्हनत्यात म्हनं. श्रीनू म्हनला, लोखंड तर आपल्याकडंच हाय की. मग सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की त्यो, त्याचे दोन दोस्त, आन डरमला आमचे मालक, शेडात बसायचे. गिटारीचा आवाज कसा सांगू, जाड कापड टराटरा फाडल्यागत. नरसम्मा दारातनं वरडायची, "बाप कापड इनतोय आन ह्यो फाडतोय." पर चहा तीच पाठवायची. मालक घरी यिऊन जेवनाच्या पितळीवर बोटं वाजवायचे. लगनातनं पयल्यांदाच त्येंना असं बघितलं मी, म्हंजी लगन झाल्यापासनं.

वरीसभर असं चाललं, मग आठ गानी झाली, त्येंचं रेकाड काढायचं ठरलं. पुन्याहून चष्मेवाला मानूस मोठी चाकं असलेलं टेपचं यंत्र घिऊन आला, त्यो संध्याकाळच्या गाडीनं परत जानार, म्हंजी जे काय करायचं ते एकाच दिवसात. शेवटच्या गान्याला श्रीनूनं चार माग खरोखरचे चालू करायचे ठरवलं. मागाच्या ठोक्यावर मालकांचा डरम, वरनं गिटारी, आन संपताना समदं एकदम बंद. श्रीनू म्हनला, "सोलापुरानं शांतता कदी ऐकलीच न्हाय. ती शेवटाला ऐकवायची."

माग चालू हुनार म्हनल्यावर मी धोंड्याला झोळीत घातला. त्यो झोपंल, मला जरा कांड्या भरता येतील, एवढाच इचार. पुढचं डोस्क्यात आलं न्हाय, माज्या बी न्हाय आन त्येंच्या बी. गानं संपलं, माग थांबले, आन धोंड्या असा रडला की जनू शेडात त्याच्याबिगर कुनीच न्हाय. मी धावले तर चष्मेवाल्यानं हात वर केला, हालू नका म्हनून. मी मदीच हुबी. लेकरू रडतंय आन मी हुबी. किती येळ ते मला ठावं न्हाय. मग यंत्र बंद केलं तवा मी त्याला उचलला.

श्रीनू म्हनला, "वैनी, कापून टाकतो तेवढं." घरी आल्यावर मालक बी म्हनले, "कापत्याल."

तीन म्हयन्यांनी मी भाजी घिऊन येत हुते. रेडू-रेकाडाच्या दुकानापुढं पोरं जमलेली, आत तेच लोखंडी गानं. मला बरं वाटलं, मालकांचा डरम वाजतोय. मग माग थांबले आन माजं लेकरू रडाय लागलं. दुकानात. आन त्यो तर माज्या कडेवर हुता, झोपलेला, तोंड उघडं. मी त्याच्याकडं बघितलं, दुकानाकडं बघितलं, आन मला पान्हा फुटला. समदं पोलकं भिजलं. पदर वढून मी तशीच पळाले, भाजी कुटं राहिली कुनास ठावं.

मग तर हाटेलांत, कालेजात, जितं तितं तेच. कारखान्यातली म्हातारी मानसं म्हनायची, आठ तास हेच ऐकतोय, वर चहाबरोबर बी हेच का? पर जवान पोरं खूश. म्हनायची, आपला आवाज बी गान्यात बसतोय म्हंजी. पुन्याच्या पेपरात आलं की असलं रेकाड आपल्याकडं पयलंच, आन शेवटचं रडनं ऐकून काटा येतो. पोरं गाडीनं यायची, शेडाच्या दारात हुबारायची, "ते रडनारं बाळ हेच का, वैनी?" मी धोंड्याला पदराखाली घ्यायची. किती कानांवर गेला ह्यो. कान मोजता येत न्हाईत, आन मला आईचं बोलनं आठवायचं.

आन त्याला ताप भरला. अंगावर गोवर उठला. मी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, दवाखान्यातलं औशद बी पाजलं, आन मालकांना म्हनलं, "तुमी खोटं बोलला. मी वळसंगला चालले, परत येनार न्हाय."

मालक खाली बसले. म्हनले, "श्रीनू कापनार हुता. मीच कापू दिलं न्हाय." मी का म्हनून इचारलं. तर म्हनले, "आपल्या पोरगीचा आवाज आठवतोय का तुला?"

मी आठवाय गेले. तिचे पाय आठवले, जावळ आठवलं. आवाज आला न्हाय.

"मला बी येत न्हाय," म्हनले.

दोन दिवस मी लेकरू मांडीवरनं खाली ठिवलं न्हाय, वळसंगला जायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कशानं उतरला ते मला सांगता यायचं न्हाय.

मग श्रीनू आला. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच बसला. "वैनी, समदी रेकाडं खपली, आता नवी छापायचीत. ह्या बारीला तुमी म्हनाल तर रडनं कापतो. तुमी सांगा."

मी मालकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत हुते.

आई, आबा, राग मानू नका. मला लगनाचं कुनी इचारलं नव्हतं, सोलापूरला यायचं बी न्हाय. पोरगीला दवाखान्यात न्यायचं का अंगारा लावायचा ते तुमी वसरीवर बसून ठरवलंत, मी आतल्या खोलीत तिला मांडीवर घिऊन हुते. ती माजी हुती आन मी बोलले न्हाय, कारन कुनी इचारलंच न्हाय.

मी श्रीनूला म्हनलं, "राहू द्या."

त्यो गेला. दुपारच्याला दोनदा त्याच्या दारापतूर गेले, न्हाय म्हनून सांगावं म्हनून, दोनदा परत आले. अजून बी धोंड्या शिंकला तरी मी मीठ-मोहऱ्या शोधाय लागते. नजर लागली तर ती मी लावून घितली असं हुईल, आन ते मला कुनावर ढकलता यायचं न्हाय. वळसंगला माजं काय चुकायचंच न्हाय, तितं माज्या हातात काय नसायचंच. हितं माजं चुकू शकतंय. म्हनून कुनी घर कुटलं इचारलं तर मी आता सोलापूर सांगते. भेत भेत सांगते, पर सांगते.