नानासोंचा पडदा

नानासोंच्या तोंडून ‘बंद’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. दुकान बंद केलं म्हणणं अशुभ, म्हणून दुकान ‘वाढवायचं’, हे आपल्याकडं सगळेच पाळतात. नानासो पंखासुद्धा वाढवायचे. एकदा माझं राजकारणावरचं बोलणं लांबलं तेव्हा म्हणाले, “सर, वाढवा आता, गिऱ्हाईक आलंय.” मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पोरंदेखील मला इतक्या प्रेमानं गप्प करत नाहीत.

विश्रामबागेत त्यांचं लग्नाच्या पत्रिका छापायचं दुकान होतं. छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमर गेलेली, पण नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी कॉम्प्युटर आणला, तोही वापरलेला. काळ्यापांढऱ्या पडद्याचा तो जाडजूड मॉनिटर त्यांनी हार घालून टेबलावर बसवला. प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला मी जायचो आणि काम संपलं तरी बसून राहायचो. माणूसच तसा होता.

शहाण्णव साली त्यांच्या मुलीचं, विजयमालाचं, लग्न ठरलं. मुलीची लग्नपत्रिका नानासोंनी स्वतः कॉम्प्युटरवर जुळवली. एका वेलांटीसाठी तासभर घातला. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची म्हणून घरची सगळी कराडजवळ पालीच्या खंडोबाला गेली. तिथून भावाच्या घरी मुक्काम लांबला, तेव्हा नानासोंनी दुकानात नुकत्याच लागलेल्या वीरधवलला फोन केला. “सुट्टी घे. स्क्रीन वाढीव आन् तू बी घरी जा.”

आता हा वीरधवल सुभेदाराचा मुलगा. बाप सातारचा, पण पोरगा जालंधर-जबलपूरच्या छावण्यांत वाढलेला. मराठी त्याला येत होतं, मराठीतली भीड येत नव्हती. त्याला वाटलं, पडद्यावर घरच्या लग्नाची पत्रिका आहे, देवाला जाऊन येईपर्यंत समईसारखी तेवत ठेवायची रीत असेल. त्यानं बटण पिळून उजेड होता नव्हता तेवढा वाढवला, पडद्याला मनोभावे हात जोडले आणि कुलूप लावून गेला. एरवी येता-जाता जाणारी लाइट त्या आठवड्यात नेमकी गेली नाही.

नानासो परत आले तेव्हा पत्रिका काचेवर उठली होती. जुन्या मॉनिटरचं हे दुखणंच असतं. एकच चित्र फार वेळ राहिलं की आतला चमकणारा लेप तेवढ्या जागी जळतो आणि त्याची सावली कायमची राहते. ती राहू नये म्हणून तर स्क्रीनसेव्हर निघाला. काम थांबलं की पडद्यावर आपोआप काहीतरी हलतं फिरतं आणतो, चित्राला एका जागी ठाण मांडू देत नाही. वीरधवल रडकुंडीला आला. नानासो मात्र हसले. म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. लेक सासरी गेली तरी नाव दुकानात ऱ्हाईल.”

पुढच्याच आठवड्यात कळलं, नवऱ्या मुलानं पुण्यात आधीच लग्न उरकलं होतं. लग्न मोडलं. छापलेल्या पत्रिका नानासोंनी बंबात घातल्या. पण काचेवर ‘चि. सौ. कां. विजयमाला’ आणि तिच्या खाली त्या दीडशहाण्याचं नाव तसंच राहिलं. मला त्या मुलाचा आजही राग येतो.

वीरधवल फौजेत भरती झाला आणि विजयमाला हट्टानं दुकानात बसू लागली. बी. कॉम. झालेली, हात झरझर चालणारा. नानासोंचा जीव मात्र थाऱ्यावर नसे. तिला ती नावं दिसू नयेत म्हणून त्यांनी स्क्रीनसेव्हर बसवून घेतला. त्याला ते ‘पडदा’ म्हणत. तिनं जरा हात थांबवला की काळोख व्हायचा आणि चांदण्या धावू लागायच्या. लग्नाच्या पत्रिकांना तर ते तिला हातच लावू देत नसत. प्रश्नपत्रिका, बिलं, कारखान्याचे अहवाल तिचे. पत्रिका आली की तिला उठवून स्वतः बसायचे. विजयमाला काही बोलायची नाही. मला वाटे, बापलेकीचं हेच बरं चाललंय.

अठ्ठ्याण्णवला तो मॉनिटर एकदाचा बसला आणि रंगीत आला. नानासोंनी विचारलं, “सर, याला पडदा लागतो का वं?”

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. रंगीत मॉनिटर इतक्या सहज जळत नाही. शिवाय काम नसेल तेव्हा कॉम्प्युटर त्याला स्वतःच झोपवतो. आता तर पाटीसारखे चपटे पडदे निघालेत, त्यांत जळायला तो लेपच नसतो. स्क्रीनसेव्हर आता नुसती शोभा.

“तरी बी असू द्या,” नानासो म्हणाले. आणि लावलाच.

तेवढ्यात बुधगावचे हरिबा आत आले, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन. नानासो सवयीनं म्हणाले, “माला, ऊठ जरा.” विजयमाला उठली नाही. बोलता बोलता तिचा हात थांबला होता, समोर काळोख झाला, चांदण्या सुटल्या.

“आबा, ह्यो नवा हाय,” ती म्हणाली. “ह्याच्यावर माझं नाव न्हाई. मग काय झाकताय?”

नानासोंनी घाईनं माउस हलवून चांदण्या घालवल्या.

“जुन्यावर बी काम चालू असलं की मला ते दिसायचं न्हाई. अक्षरात अक्षर मिसळून जायचं. तुमचा पडदा पडला, काळं झालं, की वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात काचेवर लख्ख दिसायचं. दोन वर्षं तुमीच मला ते दाखवलं.”

मी फिजिक्सचा मास्तर. जळकी काच अंधारातच उघडी पडते, हे मला ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसून कुणाला काय दिसत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. नानासोंकडं बघवेना. हरिबा बिचारे कागद धरून तसेच उभे.

“मला बघवत न्हाई गं,” नानासो शेवटी म्हणाले. “तू दुसरीची पत्रिका करायचीस, आन् मी हितं बसून…”

“मग तुमी बघू नका, आबा,” विजयमाला म्हणाली. तिनं हरिबांपुढं हात केला. “द्या काका. नवरीचं नाव काय लिवायचं?”